माझे मत इम्फाळला

सुट्टी संपवून कॅडेट परत आले की पहिल्या आठवड्यात मेसमध्ये एक वाद हमखास रंगतो. भारतातले खेळांचे सर्वांत मोठे गाव कोणते? कोलकात्याचा मुलगा फुटबॉलचे नाव काढतो, जालंधरचा हॉकीचे, भिवानीचा मुष्टियुद्धाचे. आपली मराठी मुले दोन गटांत विभागली जातात. मुंबईकर म्हणतात क्रिकेट, कोल्हापूरकर म्हणतात कुस्ती. ताटे उचलायची वेळ होते तरी निकाल लागत नाही, कारण तिथे प्रत्येक जण आपल्या गावाचा वकील असतो आणि न्यायाधीश कोणीच नसतो.

या पानावर मी ती खुर्ची घेतो. निकाल सर्वांना पटेल असे नाही, पण तो कशावरून दिला ते तरी नीट सांगता येईल.

आधी चुकीची मापे बाजूला काढू. पहिले चुकीचे माप म्हणजे पदके मोजणे. पदक जिंकणारा एखाद्या गावात जन्मला म्हणून ते गाव खेळाचे ठरत नाही. स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. २०२४ साली पॅरिसला त्याने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले आणि सगळा जिल्हा नाचला. तो आनंद खराच होता, पण बंदूक हाती धरायला त्याला लहानपणीच घर सोडून नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत जावे लागले. दुसरे चुकीचे माप म्हणजे स्टेडियम. पैसा असला की ते दोन-तीन वर्षांत उभे राहते. तिसरे माप गर्दीचे. गर्दी प्रेमाची असते हे खरे, पण बेफाम झालेले प्रेम जीव घेते. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात दंगल उसळून १६ प्रेक्षक मेले. ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले. ही दोन्ही शहरे खेळावर जीव टाकतात, पण जीव टाकणे आणि खेळ कळणे यांत फरक आहे.

मग माप कोणते? माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत. एक, खिशात पैसा नसलेल्या मुलाला आणि घराबाहेर पडायला संकोचणाऱ्या मुलीला त्या गावात मैदान मिळते का? दोन, त्या गावाला खेळ बघता येतो का, म्हणजे समोरच्याने चांगला खेळ केला तर टाळी पडते का? तीन, खेळाडूचे पाय थकल्यावर गाव त्याला ओळखते का?

आता एकेक शहर उभे करू.

मुंबईला पहिल्या प्रश्नात चांगले गुण द्यावे लागतील. रणजी करंडक ४२ वेळा जिंकणारे हे शहर त्यासाठी कोणत्याही राजवाड्याचे ऋणी नाही. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क ही त्याची शाळा. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक शेजारच्या सामन्याच्या फलंदाजाजवळ उभा असतो, इतकी खेटून मैदाने. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली ती याच आझाद मैदानावर, शाळेच्या सामन्यात. १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग तर भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर खेळतात. चेंडू कसा वागेल याचा नेम नाही, त्यामुळे तिथे टिकलेला फलंदाज कुठेही टिकतो. पण मुंबईचा जीव एका खेळात आहे. त्याच शहराच्या गल्लीत कबड्डी खेळणारी पोरे आहेत, त्यांच्या वाट्याला कौतुक किती आले ते आपण जाणतोच.

कोलकात्याने देशाला एक गोष्ट शिकवली. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. एक खेळाडू सोडला तर बागानचे सगळे अनवाणी, आणि समोर बूट घातलेली गोरी पलटण. मैदानावर साहेब आणि नेटिव्ह असा भेद उरत नाही, हे त्या दिवशी हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले. आज आपल्या सैन्यदलांतर्फे भरणारा ड्युरँड कप, जो १८८८ साली सिमल्याला सुरू झाला, तोही २०१९ पासून प्रामुख्याने कोलकात्यात होतो. हे सगळे मोठेच आहे. तरी १९८० ची ती दुपार दुसऱ्या प्रश्नात आडवी येते.

चेन्नईला मात्र या दुसऱ्या प्रश्नात पैकीच्या पैकी. ३१ जानेवारी १९९९, चेपॉकचे मैदान. पाठदुखीने वाकलेल्या तेंडुलकरने १३६ धावा काढल्या, तो बाद झाला आणि भारत अवघ्या १२ धावांनी पाकिस्तानकडून हरला. काही क्षण मैदान सुन्न झाले. मग ते अख्खे मैदान उठून उभे राहिले आणि जिंकणाऱ्या पाकिस्तानी संघासाठी टाळ्या वाजवू लागले. पाकिस्तानच्या खेळाडूंनी मैदानाला फेरी मारून ती दाद स्वीकारली. त्याच वर्षी उन्हाळ्यात कारगिल झाले. चेपॉकच्या टाळ्यांमुळे आपल्या जवानांचा निर्धार तसूभरही कमी झाला नाही. खेळातला प्रतिस्पर्धी आणि सीमेवरचा शत्रू यांतला फरक कळणे हे दुबळेपणाचे लक्षण नाही. गणवेश घालणाऱ्याला तर तो आधी कळायला हवा.

जालंधर छावणीला लागून संसारपूर नावाचे गाव आहे. एवढ्याशा गावाने हॉकीला १४ ऑलिंपिकपटू दिले. १९७५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार अजितपाल सिंग याच गावचा. पलटणीचे गोरे सैनिक हॉकी खेळताना पाहून गावच्या पोरांनी काठ्या उचलल्या. पुढे हॉकी कृत्रिम गवतावर गेली आणि मातीतल्या खेळाचे दिवस सरले. आज हॉकीचा मुक्काम ओडिशातल्या सुंदरगड जिल्ह्यात आहे. दिलीप तिर्की आणि अमित रोहिदास हे दोघे एकाच सौनामारा गावचे. २०२३ च्या विश्वचषकासाठी राउरकेलाला बिरसा मुंडा स्टेडियम बांधले, पण तिथली हॉकी त्याच्या कितीतरी आधीची आहे. आधी खेळ आला, स्टेडियम मागून आले. क्रम असाच असावा.

आता कोल्हापूर. इथे माझा हात थोडा जड होतो, कारण मराठी माणसाचे मन तिकडेच ओढते. शाहू महाराजांनी पेठापेठांतल्या तालमींना बळ दिले, उत्तरेकडच्या मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले. बसायची रचना अशी की शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही पकड दिसावी. तालमीत वस्ताद पोराची जात विचारत नाही, जोर किती मारतोस ते विचारतो. गंमत म्हणजे तिथले फुटबॉल संघही तालमींचेच : पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. सकाळी लाल माती, संध्याकाळी फुटबॉल.

याच मातीत खाशाबा जाधव घडले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून रक्कम उभी केली, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले, आणि कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खेळाडूसाठी घर गहाण टाकणारा माणूस ज्या गावात असतो, ते गाव सर्वोत्तम म्हणायला काय हरकत आहे?

हरकत एकच आहे. ती तालीम अनेक पिढ्या फक्त मुलग्यांची होती. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून होते, आणि महिलांची पहिली झाली २०२३ साली, सांगलीत. मधली ६२ वर्षे मुलींनी काय करायचे होते? कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला नेमबाजीचे जागतिक विजेतेपद मिळवले, राही सरनोबतने २०१८ ला आशियाई सुवर्ण मिळवले. मुलींत दम नव्हता असे कोणी म्हणू शकत नाही. माझ्या पहिल्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात कोल्हापूर मागे पडते, आणि तिथेच इम्फाळ पुढे जाते.

इम्फाळ! आपल्यापैकी अनेकांना ते नकाशात शोधावे लागेल. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण मणिपूर राज्याची लोकसंख्या साडेअठ्ठावीस लाख होती. एकट्या पुणे शहराची त्याहून जास्त. एवढ्या लोकांतून आलेली नावे पाहा. सहा वेळा जागतिक विजेती मेरी कोम. टोकियोला वजन उचलण्यात रौप्य मिळवणारी मीराबाई चानू. तिच्याही आधी जागतिक स्पर्धांत पदकांची रास लावणारी कुंजराणी देवी. १९९८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारा नौदलाचा डिंको सिंग. महिला फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा मणिपूरने वीसहून अधिक वेळा जिंकली. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक झाला, तेव्हा आपल्या २१ जणांच्या संघात ८ मुले मणिपूरची होती. फिफाच्या विश्वचषक स्पर्धेत भारताने केलेला पहिला गोल त्यांच्यातल्याच जिक्सन सिंगचा.

पण पदके मोजायची नाहीत असे मीच म्हटले होते. म्हणून ती बाजूला ठेवू आणि होळी पाहू. मणिपूरच्या मैतेई लोकांत होळीच्या वेळी याओशांग हा पाच दिवसांचा सण असतो. आपल्याकडे रंग खेळतात, तसे तिकडेही खेळतात. पण त्या दिवसांत इम्फाळच्या प्रत्येक मोहल्ल्यात, ज्याला ते लैकाई म्हणतात, तिथला क्लब क्रीडास्पर्धा भरवतो. मुले धावतात, आई धावते, आजीही धावते. सण म्हटला की खेळाचे मैदान आखायचे, ही रीत इतक्या खोलवर रुजलेले दुसरे शहर मला भारतात माहीत नाही. इथे खेळ हा निवडक मुलांचा कार्यक्रम राहत नाही, तो घरातल्या सर्वांचा होतो.

या शहराच्या मध्यभागी मापाल कांगजैबुंग नावाचे मैदान आहे. जगातल्या सर्वांत जुन्या आणि अजून वापरात असलेल्या पोलो मैदानांत त्याची गणना होते. मणिपूरचा सगोल कांगजै म्हणजे छोट्या तट्टांवर बसून एका बाजूला सात जणांनी खेळायचा खेळ. शेजारच्या कछारमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी तो मणिपुरी लोकांकडून पाहिला आणि १८५९ साली सिलचरला क्लब काढला. तिथून तो कोलकात्याला गेला, मग विलायतेला. आपल्या घोडदळाच्या रेजिमेंट ज्या खेळाचा अभिमान बाळगतात, त्याचे माहेर हे.

मीराबाईची गोष्ट तर पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. तिचे गाव नोंगपोक काकचिंग. सरावाचे खुमान लाम्पाक संकुल तिथून वीसहून अधिक किलोमीटर. रोज बसचे पैसे परवडेनात, म्हणून वाळू वाहणाऱ्या ट्रकांना हात करून ती इम्फाळला यायची. ट्रकवाले तिला घेत, आणि एकट्या मुलीला सुखरूप उतरवत. टोकियोहून परतल्यावर तिने त्या सुमारे दीडशे चालक-मदतनिसांना शोधून जेवू घातले, सत्कार केला. पालकहो, तुमची मुलगी रोज पहाटे अनोळखी ट्रकमधून सरावाला गेली तर तुम्हाला झोप लागेल का? ज्या वाटेवर ती निर्धास्त जाऊ शकली, त्या वाटेलाही पदकाचा वाटा जातो. शहर खेळाचे आहे हे ट्रक चालवणाऱ्यालाही ठाऊक असावे लागते.

आता आक्षेप. वाचकांपैकी कोणीतरी म्हणेलच की, ज्या राज्यात मे २०२३ पासून दोन समाजांत हिंसा उसळली, दोनशेहून अधिक माणसे गेली, साठ हजारांच्या आसपास बेघर झाली, त्याच्या राजधानीला तुम्ही हा मान देता? खेळाने माणसे जोडली जातात म्हणता, तर इतक्या खेळाडूंच्या भूमीत ती तुटली कशी?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. खेळ वैर मिटवत नाही. फुटबॉलचा सामना झाला म्हणून जळलेले घर उभे राहत नाही, आणि तसे सांगणारी भाषणे मला आवडत नाहीत. पण खेळ एक गोष्ट करतो. वैर धुमसत असतानाही दोघांना एकाच बाजूला उभे राहता येईल अशी जागा तो राखून ठेवतो. १० सप्टेंबर २०२३ रोजी, हिंसेला चार महिने झाले असताना, थिंफूला सोळा वर्षांखालील मुलांच्या सॅफ स्पर्धेचा अंतिम सामना झाला. भारताने बांगलादेशला २-० हरवले. भारताच्या २३ जणांत १६ मुले मणिपूरची होती : मैतेई, कुकी आणि मणिपुरी मुसलमान. दोन गोलांपैकी एक मैतेई मुलाने केला आणि दुसरा कुकी मुलाने. त्यांच्या घरची माणसे त्या दिवशी एकमेकांच्या वस्तीत जाऊ शकत नव्हती. मुले मात्र एकाच रंगाच्या बनियनमध्ये एकमेकांना पास देत होती.

त्याच वर्षी तामिळनाडूने मणिपूरच्या खेळाडूंना सरावासाठी जाहीर निमंत्रण दिले आणि तिथले तलवारबाज चेन्नईत येऊन सराव करू लागले. चेपॉकने १९९९ ला कमावलेला मान चेन्नईने पुन्हा राखला. म्हणून माझ्या यादीत दुसरा क्रमांक चेन्नईचा आणि तिसरा कोल्हापूरचा.

तिसऱ्या प्रश्नात मात्र सगळेच नापास आहेत, इम्फाळही. डिंको सिंगच्या सुवर्णाने मेरी कोमला मुष्टियुद्धाकडे ओढले, तो पुढे इम्फाळला मुलांना शिकवत राहिला. यकृताच्या कर्करोगाने तो आजारी पडला तेव्हा उपचाराच्या खर्चासाठी कुटुंबाला हातपाय मारावे लागले. २०२१ साली तो गेला. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. आपल्या लष्कराच्या मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. त्यांनी १९७२ साली हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण मिळवले, आणि पद्मश्री मिळाली २०१८ साली, ४६ वर्षांनी. हे अपयश एका गावाचे नाही, आपल्या सर्वांचे आहे. जिंकणाऱ्याला खांद्यावर घेणे आपल्याला जमते, पण तो खाली उतरल्यावर त्याच्याबरोबर चालणे जमत नाही.

आता या तीन प्रश्नांनी आपलीच शाळा तपासू. कारण शाळा हेही एक छोटे गावच आहे.

आपल्या आंतर-हाऊस स्पर्धांत गुण कोणाला मिळतात? पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्याला. म्हणून प्रत्येक हाऊस तेच दहा-बारा कॅडेट फुटबॉलला, हॉकीला, बास्केटबॉलला आणि क्रॉस-कंट्रीला उतरवते. बाकीचे पन्नास जण कडेला बसून ओरडतात. सहा-सात वर्षे शाळेत राहून एकदाही हाऊसचा बनियन न घातलेला कॅडेट पास होऊन जातो. उद्या त्याच्या हाताखाली तीस-चाळीस जवानांची प्लाटून असेल. त्यातला शेवटचा जवान कसा पुढे आणायचा, हे तो कुठे शिकला? बाजूला बसून शिकला नाही.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. करंडकाच्या गुणांत एक भाग उतरलेल्या कॅडेटच्या संख्येचा असावा. वर्षभरात हाऊसमधल्या किती जणांनी प्रत्यक्ष सामना खेळला, त्याचेही गुण धरावेत. मुली आता अशा शाळांत येऊ लागल्या आहेत, त्यांचे सामने भोजनाच्या आधीच्या उरलेल्या वेळेत ढकलू नयेत, मुख्य मैदानावर मुख्य वेळी व्हावेत. आणि वर्षातून एक दिवस याओशांगसारखा ठेवावा : मेसचे आचारी, माळी, शिक्षक, सुभेदार साहेब, भेटीला आलेले आईबाबा, सगळ्यांनी धावायचे. काही प्रशिक्षक म्हणतील, याने दर्जा घसरेल, जिंकण्याची ईर्ष्या मरेल. मला तसे वाटत नाही. इम्फाळला आजीही धावते, म्हणून तिथली नात कमी जोरात धावली असे काही दिसलेले नाही.

कॅडेट मित्रांनो, तुमचे मत वेगळे असेल तर पुढच्या अंकासाठी लिहा. भिवानी, हैदराबाद, पतियाळा यांना मी न्याय दिला नाही, हे मला माहीत आहे. अट एकच : पदकांची यादी पाठवू नका. तुमच्या गावात खिसा रिकामा असलेला मुलगा आणि घरातली धाकटी मुलगी संध्याकाळी कुठे खेळतात, एवढे लिहा.